कुत्र्याचे फोड, सोसायटीचा ठराव आणि आपण

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या आधीच्या वक्त्यांनी प्रभागातले पाणी, ड्रेनेज आणि महापालिकेच्या मराठी शाळा या विषयांवर परखड मते मांडली. आता आम्ही उठून कुत्र्यांच्या त्वचारोगावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटले, ते आम्हाला ऐकू आले. हसा, हरकत नाही. पण गेल्या वर्षभरात आपल्या किती सोसायट्यांच्या सभा कुत्र्यावरून गाजल्या, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. रस्त्याच्या प्रश्नावर जे शेजारी एक होत नाहीत, ते कुत्र्याच्या प्रश्नावर एकमेकांशी बोलणे बंद करतात. म्हणून हा विषय.

आम्ही कॉमर्सचे पदवीधर. वीस-बावीस वर्षे बँकेत क्लार्क म्हणून खर्डेघाशी करतो आहोत. पशुवैद्य नाही आणि तसा आव आणणार नाही. पण या विषयात आम्ही एक चूक केली, ती महागात पडता पडता राहिली, आणि त्या निमित्ताने जाणकारांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

बंड्या आणि ठराव

आमच्या सोसायटीत बंड्या नावाचा एक कुत्रा आहे. आमचा म्हणावा तर आमचा, गल्लीचा म्हणावा तर गल्लीचा. आमचे वडील रोज सकाळी त्याला दूध-पोळी घालतात आणि तो दिवसभर जिन्याखाली त्यांच्या खुर्चीपाशी पडून असतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर पुटकुळ्या आल्या. पुटकुळ्या फुटल्या, पू आला, खपल्या धरल्या, केस गळून जागोजागी गोल चट्टे पडले. अंगाला वास येऊ लागला. कसर लागलेल्या शालीसारखे त्याचे रूप झाले.

त्याच पंधरवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहान मुलाच्या ओठाजवळ मधाच्या रंगाच्या खपल्या धरलेले फोड आले. झाले! दोन आणि दोन चार. कुत्र्याला लूत लागली, ती पोराला लागली, उद्या सगळ्यांना लागेल. रविवारी तातडीची सभा झाली आणि ठराव आला: कुत्रा सोसायटीबाहेर काढावा, कुठे न्यायचा ते नेणाऱ्याने ठरवावे. एका सभासदाने तर त्याला पोत्यात घालून तापीपलीकडे सोडण्याचा खर्चही स्वतः द्यायची तयारी दाखवली.

त्या सभेत आम्ही गप्प बसलो होतो. खरे सांगायचे तर आम्हालाही भीती वाटत होती. घरी मधुमेही वडील, त्यांच्या पायाला महिनाभर न भरलेली जखम, आणि कुत्रा नेमका त्याच पायाशी बसणारा. ठरावाला विरोध करावा तरी कोणत्या तोंडाने?

एक जुनी आठवण

त्या रात्री आम्हाला १९९४ सालचा सप्टेंबर आठवला. इथे बसलेल्या अनेकांना तो आठवत असेल. आम्ही तेव्हा शाळेत होतो. शहरात प्लेगची बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या ट्रकने सुरत सोडून गेली. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून नाहीशा झाल्या. ज्याला गरज होती त्याला मिळेनात आणि ज्याला काही झाले नव्हते त्याच्या कपाटात पाकिटेच्या पाकिटे. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते, एवढे लोकांनी वर्तमानपत्रांत वाचले होते. आमची आत्या त्याच आठवड्यात अमळनेरहून आलेली. कुठे बीड, कुठे अमळनेर! पण चाळीतल्या एका घराने आमच्या नळावर पाणी भरणे बंद केले. आमच्या पणजोबांपासून आम्ही या शहरात, तरी त्या आठ दिवसांत आम्ही 'महाराष्ट्रातून आलेले' झालो. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसायचे, ते आत बसू लागले.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना खुर्च्या सोडून रोज सकाळी गल्लीबोळात फिरावे लागले, कचरा रोजच्या रोज उचलला जाऊ लागला, बेकायदा बांधकामे पडली, हॉटेलांची तपासणी झाली. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. कोणाला हाकलून शहर निरोगी झाले नाही. रोजच्या झाडूने आणि रोजच्या फेरीने झाले.

हे आठवल्यावर आम्ही ठरवले की ठरावावर अंगठा उठवण्याआधी खाते तपासायचे. बँकेत आम्ही सही जुळल्याशिवाय चेक पास करत नाही. मग एका मुक्या जिवाच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

काय लागते आणि काय लागत नाही

पशुवैद्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. कुत्र्याच्या अंगावर पुवाचे फोड आणणारा जो मुख्य जंतू आहे, त्याचे नाव जिभेला झेपणारे नाही: स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. या नावाने तो २००५ मध्ये वेगळा ओळखला गेला. त्याआधी त्याला भावकीतल्याच दुसऱ्या जंतूच्या नावाने ओळखत. हा जंतू कुठून बाहेरून येत नाही. धडधाकट कुत्र्याच्याही तोंडात, नाकात, गुदद्वारापाशी आणि कातडीवर तो मुक्कामालाच असतो. आपल्या घरातल्या जुन्या भाडेकरूसारखा. भाडेकरू एरवी गुपचूप असतो. घराची भिंत पडली की हात-पाय पसरतो. कुत्र्याच्या कातडीची वरची भिंत आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी, गोचिड्या, खरजेचे किडे, खाण्यातली किंवा धुळीतली ॲलर्जी, थायरॉइडसारखा ग्रंथींचा बिघाड किंवा सतत ओले अंग, यांपैकी काहीतरी आधी ती भिंत पाडते. मग कुत्रा खाजवतो, चावतो, चाटतो, आणि जंतूला रान मोकळे मिळते.

म्हणजे पू हे बहुतेक वेळा शेवटचे पान असते. हिशेबाची चूक आधीच्या पानावर असते. नुसता पू पुसून खाते जुळत नाही.

आता लागण्याचा प्रश्न. यात चार वेगवेगळी खाती आहेत आणि आपण ती सगळी 'लूत' या एकाच नावाखाली घालतो, तिथेच घोळ होतो.

पहिले खाते नेहमीच्या पुवाच्या फोडांचे. एका कुत्र्याचे फोड दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला लागले, असे सहसा घडत नाही, कारण जंतू त्यांच्याकडे आधीच आहे किंवा माणसाच्या कातडीवर तो फारसा रमत नाही. लहान पिल्लांच्या पोटावर येणाऱ्या पुटकुळ्याही अशाच. त्या पाहून लोक घाबरतात, पण त्या एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत.

दुसरे खाते खरजेचे. हा जंतू नव्हे, डोळ्याला न दिसणारा किडा. कानाच्या कडा, कोपर आणि पोट इथे कुत्रा वेड्यासारखा खाजवतो. ही मात्र कुत्र्या-कुत्र्यांत झपाट्याने पसरते. माणसालाही हातांवर, पोटावर खाज आणि पुरळ येतो. पण कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यावर उपचार झाले की माणसाचा त्रास ओसरतो. याच किड्यांत दुसरी एक जात केसांच्या मुळाशी राहणारी आहे. ती पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून मिळते आणि इतरांना लागत नाही. दोन्हींत केस जातात, दोन्हींना आपण लूत म्हणतो, पण एक लागते आणि दुसरी लागत नाही.

तिसरे खाते गजकर्णाचे, म्हणजे बुरशीचे. हे माणसालाही खरोखर लागते, मुलांना जास्त. घरातल्या अंथरुणात आणि गळालेल्या केसांत त्याचे बी कितीतरी महिने टिकते. गंमत अशी की पुवाचा फोड फुटून सुकला की कडेने गोल पापुद्रा राहतो आणि तो हुबेहूब गजकर्णासारखा दिसतो. मग मेडिकलमधून ट्यूब आणून चोळली जाते. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असते. चार दिवस लाली जाते आणि आतून रोग फोफावतो.

चौथे खाते सर्वांत नवे आणि आम्हाला सर्वांत काळजीचे वाटणारे. त्याकडे आता येतो, कारण तिथे आमचाच गुन्हा आहे.

आणि हो, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाचे काय? त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले की हा मुलांचा संसर्ग आहे. पावसाळ्यात एका मुलाकडून दुसऱ्याला, एकाच टॉवेलातून, हातातून, खेळण्यातून जातो. त्याच्या ट्यूशनमधल्या आणखी दोन मुलांना तो होता. त्यांच्यापैकी कोणीही बंड्याला हात लावलेला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे!

आमची चूक

आता कबुली. बंड्याला फोड आले तेव्हा आम्ही त्याला आधी पशुवैद्याकडे नेले नाही. वडिलांच्या पायासाठी आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांपैकी काही उरल्या होत्या. त्या पोळीत घालून चार दिवस दिल्या. फोड सुकले. आम्ही स्वतःवर खूश. बारा-पंधरा दिवसांत पुन्हा आले. मग एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तशाच गोळ्या आणल्या आणि पाच दिवस दिल्या. वजन किती, मात्रा किती, काही विचार नाही. पुन्हा सुकले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी गोळ्यांनी काहीच झाले नाही. उलट फोड पाठीवर चढले.

तेव्हा कुठे आम्ही त्याला घेऊन पशुवैद्याकडे गेलो. डॉक्टरांनी फोडातला द्रव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कातडी खरवडून किडे आहेत का ते तपासले, आणि एक नमुना कल्चरसाठी पाठवला. एक साधी युक्तीही दाखवली. केसांतून कंगव्याने काढलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली. ती तांबडी विरघळली. 'ही माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. तुमच्या रोगाचे मूळ इथे आहे,' असे ते म्हणाले. आम्ही दीड महिना गोळ्या देत होतो आणि पिसवांकडे ढुंकून पाहिले नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

काही दिवसांनी रिपोर्ट आला. एका बाजूला अँटिबायोटिकांची नावे आणि समोर अक्षरे. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही. वरून खाली आर, आर, आर. आम्ही रोज काउंटरवर परत आलेल्या चेकांचे मेमो पाहतो. तसाच तो कागद दिसत होता. खात्यात शिल्लक नाही, खाते गोठवले आहे, सही जुळत नाही. दोन-तीन ओळींपुढेच एस होते आणि ती औषधे, डॉक्टर म्हणाले, माणसांच्या अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवायची असतात. कुत्र्याच्या फोडांवर वापरायची नाहीत.

हे ते चौथे खाते. साधारण २००६ पासून जगभर कुत्र्यांमध्ये असे मुजोर जंतू मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. हे जंतू मात्र एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात: चाटण्यातून, एकाच अंथरुणातून, दवाखान्याच्या टेबलावरून, आपल्या हातांवरून. ज्याची कातडी धड आहे त्याला ते सहसा काही करत नाहीत, नुसते मुक्कामाला राहतात. माणसालाही क्वचितच त्रास देतात. पण उघडी जखम, नुकतीच शस्त्रक्रिया, क्षीण प्रतिकारशक्ती असेल तर धोका खरा असतो. डॉक्टरांनी विचारले, 'घरात कोणाला जखम आहे का?' आमच्या डोळ्यांपुढे वडिलांचा पाय आला आणि आम्हाला घाम फुटला. ज्या गोळ्या वडिलांच्या जखमेसाठी होत्या, त्या अर्धवट वापरून आम्हीच त्यांच्या जखमेचा शत्रू पोसला होता.

सुदैवाने वडिलांच्या जखमेत तसे काही निघाले नाही. पण ती रात्र आम्ही विसरणार नाही.

बंधूंनो, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले ते याच स्टॅफिलोकॉकस कुळातल्या जंतूंच्या बशीवर. आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनीच बजावले होते की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. आपल्या सरकारनेही मार्च २०१४ पासून अनेक महत्त्वाच्या अँटिबायोटिकांना औषध कायद्याची 'एच-१' अनुसूची लागू केली. चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहायचे. नियम आहे, रजिस्टर आहे. पण ग्राहक म्हणून आपणच 'दोनच गोळ्या द्या हो' म्हणून हात पुढे करतो. १९९४ साली टेट्रासायक्लिन कपाटात भरणारे आणि गेल्या वर्षी पोळीत गोळी लपवणारे आम्ही, एकाच माळेचे मणी.

मग बरा कशाने झाला?

आंघोळीने! ऐकायला फार साधे वाटते. क्लोरहेक्सिडिन नावाच्या औषधाचा, कुत्र्यांसाठीचा शांपू. आठवड्यातून दोनदा अंगाला लावायचा, घड्याळ लावून दहा मिनिटे तसाच ठेवायचा, मग स्वच्छ धुऊन अंग कोरडे करायचे. ती दहा मिनिटे महत्त्वाची. लावले आणि लगेच पाणी ओतले तर पैसे गटारात. पूर्वी वरवरच्या फोडांनाही तीन-तीन आठवडे गोळ्या देण्याची पद्धत होती. आता जाणकार सांगतात की वरवरचा संसर्ग असेल तर आधी असा बाहेरून उपचार करावा. जे जंतू गोळ्यांना दाद देत नाहीत, तेही या आंघोळीला सहसा बळी पडतात. जोडीला पिसवा-गोचिड्यांचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने महिन्याच्या महिन्याला, आणि जिन्याखालची गोणपाटे उकळत्या पाण्यातून. पाच आठवड्यांत बंड्याच्या अंगावर नवे केस आले.

त्या पाच आठवड्यांत घरात काही शिस्त पाळली, ती इथे सांगतो. बंड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे. वडिलांच्या जखमेवर पट्टी सदैव बांधलेली आणि बंड्याची जागा खुर्चीपासून चार हात लांब. त्याने हात-तोंड चाटू नये याकडे लक्ष. त्याचे भांडे वेगळे. बस. एवढ्यावर भागले. वडील मात्र चार दिवस रुसले होते. कुत्रा लांब बसतो याचे त्यांना वाईट वाटत होते.

काय करू नये तेही सांगतो. आपल्याकडे लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधले जळके ऑइल किंवा रॉकेल फासतात. कुत्रा ते चाटतो, विष पोटात जाते, कातडी भाजते, आणि उन्हात तो तडफडतो. दया म्हणून केलेली ही क्रूरता आहे. फरशी पुसायचे जंतुनाशकही अंगावर ओतू नये. माणसांच्या ट्यूबा नकोत. उरलेल्या गोळ्या तर नकोतच. आणि कुत्रा चावला किंवा बोचकारले तर हा सगळा विषय बाजूला ठेवून जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि थेट स्मीमेर किंवा सिव्हिल गाठून रेबीजची लस घ्यावी. ते खाते वेगळे, तिथे एक दिवसाचीही उधारी चालत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय?

घरच्या कुत्र्याला मालक आहे. रस्त्यावरच्याला कोण? इथे प्रश्न राजकीय होतो आणि म्हणूनच तो या व्यासपीठावर आणला.

कायदा काय म्हणतो? २००१ साली आणि नंतर २०२३ साली केंद्राने कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम केले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जिथून उचलले तिथेच सोडा. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हीच चौकट कायम ठेवली. रेबीजची बाधा झालेले आणि आक्रमक कुत्रे तेवढे वगळले, आणि खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमायला सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणचे कुत्रे हलवून परत तिथे न सोडण्याचे निर्देश आले. यात कुठेही 'पोत्यात घालून तापीपलीकडे' असे कलम नाही. आमच्या सोसायटीचा ठराव कायद्याविरुद्ध होता. आणि व्यवहारानेही खोटा होता: एक कुत्रा गेला की त्याच्या मोकळ्या जागेवर दुसरा, बिनलसीचा येतो, आणि आपण सोडलेला रोगी कुत्रा दुसऱ्या गल्लीत खरूज घेऊन जातो. आपला बुडीत हिशेब शेजारच्या शाखेवर ढकलण्यासारखे हे आहे.

पण नसबंदीसाठी पकडलेले कुत्रे पिंजऱ्यांत शेजारी-शेजारी ठेवले की तिथे खरूज एकाची दहांना होऊ शकते, हाही मुद्दा आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कुत्रा आलाच आहे, तर त्याची कातडी पाहायला आणि किड्यांचे औषध द्यायला किती वेळ लागतो? एका फेरीत दोन कामे होतात.

आपल्या शहराला हे नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये सुरतेत आला होता. १६९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात, शहरापासून मैलभरावर वाण्यांनी चालवलेल्या एका मोठ्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन आहे. गायी, घोडे, बकऱ्या आणि कुत्रेसुद्धा, आजारी, लंगडे, म्हातारे, सगळे तिथे सांभाळले जात. इंग्रजाला त्याचे आश्चर्य वाटले. सव्वातीनशे वर्षांपूर्वी ज्या सुरतेत रोगी कुत्र्याला इस्पितळ होते, तिथे आज आपण पोते शोधतो? आणि आपल्या घरातल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी कोण बसलेले असते, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून मंडळाने पुढील गोष्टी हाती घ्याव्यात अशी आमची सूचना आहे.

१. येत्या पावसाळ्याआधी, खाडीचे पाणी वस्तीत शिरण्याआधी, आपल्या भागात पशुवैद्यांचे एक दिवसाचे त्वचातपासणी आणि लसीकरण शिबिर घ्यावे. नवसारीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अध्यापकांना विनंती करावी.

२. महापालिकेकडे लेखी मागणी करावी की नसबंदी केंद्रात प्रत्येक कुत्र्याची कातडी तपासावी, खरजेचे कुत्रे वेगळे ठेवावेत आणि त्याची नोंद नागरिकांना पाहता यावी.

३. जखमी किंवा अतिआजारी जनावर दिसल्यास गुजरात सरकारच्या करुणा ॲम्ब्युलन्सचा १९६२ हा क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावा.

४. प्रत्येक सोसायटीने कुत्र्यांना खाऊ घालण्याची एक जागा आणि वेळ ठरवावी. जिन्यात, मुलांच्या खेळण्याच्या जागी नको. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही हे पथ्य पाळावे. भित्र्या शेजाऱ्याची भीती हीसुद्धा खरी असते.

५. 'चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणार नाही, माणसासाठी नाही आणि जनावरासाठीही नाही' असा संकल्प आपण इथेच करावा. याला पैसा लागत नाही.

आणि निवडणुकीच्या काळात जो कोणी हात जोडून दाराशी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मराठी बोलणारा असो की गुजराती, त्याला पाणी-रस्त्याबरोबर हाही प्रश्न विचारा: आमच्या प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांची नसबंदी झाली, किती लसी दिल्या? आकडा सांगता आला तर काम केले समजा. नाही सांगता आला तर तेही समजा.

शेवटी आमच्या सोसायटीच्या ठरावाचे काय झाले ते सांगून बसतो. पुढच्या सभेत आम्ही बंड्याचा रिपोर्ट घेऊन गेलो आणि आमची चूक सर्वांसमोर वाचून दाखवली. भाषण ठोकले नाही, कागद फिरवला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या आईने उठून सांगितले की तिच्या मुलाचे दुखणे कुत्र्याचे नव्हते. तेवढ्याने काम झाले. ठराव मागे घेतला गेला नाही, पण मतालाही टाकला गेला नाही. इतिवृत्तात 'स्थगित' असे लिहिले आहे. पोत्याचा खर्च देऊ करणाऱ्या त्या गृहस्थांनी महिन्याभराने शांपूची एक बाटली आणून आमच्या दाराशी ठेवली. काही बोलले नाहीत. आम्हीही काही बोललो नाही.

वडिलांच्या पायाची जखम दिवाळीच्या सुमारास भरली. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुन्हा जिन्याच्या दाराशी ओढली आणि बंड्याला हाक मारली. आमच्या आजोबांची खुर्ची १९९४ साली दारातून आत गेली होती. ही खुर्ची बाहेर आली, याचे आम्हाला समाधान आहे.



जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!